ऐकणारे कोण?

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ पत्र सुरू केले आणि त्यातून जी कादंबरी क्रमशः छापली, तिचे नावच एक प्रश्न आहे: ‘पण लक्षात कोण घेतो?’ यमूचे आत्मकथन वाचून मराठी वाचकांच्या पिढ्यांनी डोळे टिपले. तिच्या केशवपनाचा प्रसंग ज्याने एकदा वाचला तो विसरत नाही. तथापि नावातला प्रश्न यमूच्या दुःखापेक्षा ते ऐकणाऱ्यांविषयी अधिक आहे, इकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही. अभिजात वाङ्मयातील स्त्रीच्या एकाकीपणाचा विषय परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘तत्कालीन समाजस्थिती’ या मथळ्याखाली आठ-दहा ओळींत उरकला जातो, आणि ती स्थिती आता पालटली असे समाधान शेवटच्या ओळीत नोंदविले जाते. गुणही मिळतात.

मराठी संगीत रंगभूमीचा आरंभच एका टाकलेल्या स्त्रीच्या कथेने झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आणले. चौथ्या अंकात शकुंतला आश्रमाचा निरोप घेते. पुढे काय होते ते त्या रात्रीच्या प्रेक्षकांना दिसले नाही. रसिकांनी चौथ्या अंकाची महती पिढ्यान्‌पिढ्या गायिली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु या नाटकाचा कठोर भाग पाचव्या अंकात आहे. राजा तिला ओळखत नाही, एवढ्यावर तो अंक थांबत नाही. तिला पोहोचविण्यास आलेले कण्वशिष्यही तिला तेथेच सोडून निघतात. पतीच्या घरी दासी होऊन राहणेही बरे, असा त्यांचा निवाडा. सासर नाकारते आणि माहेर परत नेत नाही, अशा जागी ती भर दरबारात उभी असते. गौतमीला दया येते, पण गौतमीच्या दयेला त्या सभेत अधिकार नाही.

याच कथेचे मूळ महाभारताच्या आदिपर्वात आहे. तेथे अंगठी नाही, दुर्वासाचा शापही नाही. दुष्यंताला सारे आठवत असते आणि तो जाणूनबुजून नाकारतो. तेथील शकुंतला मुलाला पुढे करून राजाशी दीर्घ वाद घालते, धर्म सांगते, त्याच्या असत्यावर बोट ठेवते. कालिदासाने शाप आणून राजाचा दोष हलका केला. नाटकाला त्यामुळे करुणरसाची खोली लाभली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु दोष हलका होताच शकुंतलेच्या वादाची धारही बोथट झाली. ज्याला शापामुळे आठवतच नाही, त्याच्याशी भांडून काय साधणार? आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि रंगभूमीवरून पुढे आली ती ही दुसरी शकुंतला.

देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) म्हाताऱ्याशी ठरलेले लग्न मोडते ते वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते म्हणून. शारदेची इच्छा नाही, हे कारण त्या मंडपात पुरेसे ठरले नसते. देवल सुधारक वृत्तीचे होते आणि त्यांना आपला समाज ठाऊक होता. म्हणूनच त्यांनी मंडपातल्यांना ऐकू येईल असे कारण शोधले असावे. ‘एकच प्याला’तील (१९१९) सिंधू तर मरतानाही नवऱ्याला पोलिसांपासून वाचविण्यासाठी खोटे बोलते, आणि त्या खोटेपणावर प्रेक्षागृह गहिवरते. बालगंधर्वांच्या गळ्याने तो गहिवर अजरामर केला. स्त्रीचे दुःख पुरुषाने लिहावे, पुरुषानेच नेसून-सजून सादर करावे आणि पुढच्या रांगांतील पुरुषांनी त्यास दाद द्यावी, अशी ही व्यवस्था १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांनी भूमिका करीपर्यंत बव्हंशी निर्वेध चालली. त्यातून थोर कला निर्माण झाली, यात शंका नाही. मात्र तिला स्त्रीचा आवाज म्हणताना जरा थांबावे.

ज्या स्त्रीने हा आक्षेप प्रथम घेतला तिचे काय झाले, तेही पाहावे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिताना ‘मनोरमा’ नाटक, ‘मुक्तामाला’ कादंबरी अशी नावे घेऊन लेखकांना जाब विचारला. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले तेव्हाच वाचकांच्या हाती आले. मधली त्र्याण्णव वर्षे आपण ‘शारदा’ पाहून हळहळत होतो.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातील लीला बेणारे शाळेत शिक्षिका आहे, हे या स्तंभाच्या अनेक वाचकांना अधिक जवळचे वाटेल. गंमत म्हणून सुरू झालेल्या अभिरूप खटल्यात सोबतचे लोक तिला हळूहळू घेरतात. ज्या प्राध्यापक दामल्यांपासून तिला दिवस गेले, ते खटल्यास आलेलेच नाहीत. त्यांचा सन्मान शाबूत राहतो. अखेर तिला बोलण्यास काही सेकंद मिळतात. ती भरभरून बोलते, पण त्या वेळी रंगमंचावरील इतर सर्व पात्रे निश्चल झालेली असतात. स्वगत संपते आणि कोर्टाच्या लेखी आरोपीने काहीच सांगितलेले नसते. आरोप भ्रूणहत्येचा, आणि शिक्षा म्हणून फर्मावले जाते तेही गर्भ नष्ट करण्याचेच. कालिदासाच्या पाचव्या अंकापासून आपण किती पुढे आलो, याचा हिशेब येथे मांडता येईल: तिला वाचा मिळाली, श्रोता मिळाला नाही.

हे सारे पांढरपेशा घरांतले. त्याचा डहाणू-तलासरीच्या पाड्यांशी संबंध काय, असा प्रश्न कैनाडसारख्या गावी मराठी शिकविणाऱ्या शिक्षकास पडत असेल तर तो रास्त आहे. वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी, एक स्त्री. तिच्या गाण्यांवाचून विधी पुरा होत नाही. विधवेच्या पुनर्विवाहास तेथे आडकाठी नाही. यमूची कथा तेथे घडली नसती. परंतु म्हणून तेथील स्त्री एकाकी पडत नाही असे समजणे हा शहरी भाबडेपणा होय. पाड्यावर कोणी आजारी पडावे, गुरे मरावीत, भगताने एखादीकडे बोट दाखवावे आणि ती ‘भुताळी’ ठरावी, हे या पट्ट्यात घडत आले आहे. मग शेजार तुटतो आणि जीवही धोक्यात येतो. निवाडा आधीच झालेला असतो, तिचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही. बेणारेच्या खटल्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा आरोपांना गुन्हा ठरविले. पण पाड्यावरची बैठक कायद्याचे पुस्तक उघडून बसत नाही.

याच भूमीत ऐकणारी माणसेही येऊन गेली. गोदावरी परुळेकर १९४५ मध्ये तलासरी-डहाणूच्या झोपड्यांतून राहिल्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्माचे वेठबिगार झालेले लग्नगडी आणि जमीनदार आपली मालमत्ता समजत असलेल्या त्यांच्या बायका, यांच्याकडून जे कळले ते त्यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिले. अनुताई वाघ तर बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न, आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य. हरिभाऊंच्या कादंबरीत त्यांच्यासाठी माजघराचा कोपरा ठरलेला होता. त्या शिकल्या, १९४५ साली ताराबाई मोडकांसोबत बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांची शाळा उभी केली. आदिवासी बोलीत बोलणाऱ्या मुलाचे म्हणणे आधी समजून घ्यावे, मग शिकवावे, ही त्यांची रीत होती.

कैनाडच्या वर्गात शकुंतलेचा पाठ आला तर त्याच्या शेजारी महाभारतातील शकुंतलेचे दरबारातील बोलणे सोप्या मराठीत वाचून दाखविण्यास काही खर्च येत नाही. त्या सभेत तिचे कोणी का ऐकले नाही, हा प्रश्न मुलींना विचारावा, आणि उत्तर त्यांनी वारलीत दिले तरी ते घ्यावे. चर्चा कदाचित हस्तिनापुरावरून पाड्यावरच्या एखाद्या बाईकडे वळेल. त्या वेळी ‘हे अभ्यासक्रमात नाही’ असे म्हणून शिक्षकाने पुढचा धडा उघडू नये.