खिम्यात दूध

दिवाळी अंक आला की या सदराकडून वाचकभगिनींची अपेक्षा ठरलेली असते. चकली तेलात का विरघळली, अनारशाला जाळी का पडली नाही, चिवडा दुसऱ्याच दिवशी मऊ का झाला. ती पत्रे याही वर्षी आली आहेत आणि पुढच्या अंकांतून त्यांची उत्तरे देईनच. आज मात्र मी मटणाच्या खिम्याविषयी लिहिणार आहे. शाकाहारी घरांनी लगेच पान उलटू नये, मध्ये त्यांच्यासाठीही एक वाट ठेवली आहे. दिवाळीत हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण ही गोष्ट दिवाळीतलीच आहे.

गेल्या दिवाळीला मी आखाडा बाळापूरला होते. नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागले, की आधी अर्धापूरच्या केळीच्या बागा लागतात, मग वारंगा फाटा आणि मग बाळापूर. तालुका कळमनुरी. 1999 साली हिंगोली जिल्हा निराळा झाला, तोवर सगळे परभणीत होते, आणि आमची आक्का अजूनही बोलण्याच्या ओघात ‘परभणी जिल्हा’ म्हणून जाते. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या घरी तेव्हा दुखवट्याचे वर्ष होते. आषाढात तिची सून गेली, चार महिन्यांच्या आजारात. भाचा पुण्याला नोकरीत, म्हणून त्याची दहा वर्षांची मुलगी आजीजवळ येऊन राहिली होती. अशा वर्षी घरात फराळाची कढई चढत नाही. शेजारच्या बायका ताटे झाकून आणत, आक्का ती घेई, आणि ती ताटे तशीच कोनाड्यात राहत. छोटी ना लाडू खाई, ना चकली. हट्ट नाही, रडणे नाही. पुढे ठेवलेले दोन घास मुकाट्याने खाऊन उठायचे. हट्ट करणारे मूल परवडते, बायांनो! काहीच न मागणाऱ्या मुलाचे काय करायचे, हे कुठल्याच पाकपुस्तकात नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी मी अंगणात पणत्यांत तेल घालीत होते. (दोनच पणत्या, आक्काने तेवढ्यांनाच परवानगी दिली होती.) छोटी जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “मावशीआजी, तुला लझान्या येते?”

आता लझान्या म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इटलीतला पदार्थ. गव्हाच्या रुंद पातळ पट्ट्या उकडून घ्यायच्या, त्यांच्यामध्ये खिम्याचा घट्ट रस्सा आणि पांढरा सॉस यांचे थर द्यायचे, वर चीज पेरायचे आणि सगळे भट्टीत भाजायचे. पुण्याच्या हॉटेलांत हल्ली सर्रास मिळते. पण छोटीला हॉटेलातली नको होती. तिची आई रविवारी घरी करीत असे, ती हवी होती.

मी आक्काकडे पाहिले. ती दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिचा चेहरा काही निराळाच झाला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने सांगितले. दोन वर्षांपूर्वी सून सुट्टीत आली असताना तिने बाळापूरच्याच या स्वयंपाकघरात हा पदार्थ केला होता. खिम्यात ती दूध ओतते आहे हे आक्काने पाहिले, आणि ताट बाजूला सारून सगळ्यांसमोर म्हणाली, “दूध घातलेलं मटन माझ्यानं खाल्लं जायचं नाई माय.” सून काही बोलली नाही. तिने आक्कासाठी वेगळी भाजी केली. “येक घास खाल्ला असता तर माझं काय गेलं असतं गं?” आक्का अंधारात म्हणाली. मी काय उत्तर देणार?

भाऊबीज होईपर्यंत त्या घरात सामिष शिजत नाही. म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी करायचे ठरले.

पहिला प्रश्न पट्ट्यांचा. बाळापूरला तयार पट्ट्या कुठून मिळायच्या? मी नांदेडला जायची भाषा काढली, तेव्हा आक्काने विचारले, “म्हंजे चकोल्याच का?” आणि मी गप्पच बसले. खरेच, चकोल्याच! वरणात सोडायच्या त्या शंकरपाळ्याएवढ्या, आणि या ताटाएवढ्या, फरक तो एवढाच. ज्या मुलखात रुखवतासाठी बोटवे, नखुले, मालत्या, गव्हले असे नाना तऱ्हेचे वळवट बायका बोटांनी करीत आल्या, त्या मुलखातल्या बाईला पास्त्याची भीती घालणारी मी कोण?

त्यात आक्काकडे डब्यात बन्सी गहू निघाला. शेवयांसाठी ती दरसाल थोडा राखून ठेवते. हल्ली बाजारात पोळीचा म्हणून लोकवन जास्त दिसतो, पण आपल्या काळ्या रानात पावसाच्या ओलीवर येणारा हा जुना बन्सी म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला ड्यूरम म्हणतात तोच गहू. दाणा कठीण, पिवळसर, काचेसारखा, आणि दळला की पिठाऐवजी रवाच जास्त पडतो. त्याची कणीक पाण्यात उकळली तरी विरत नाही, म्हणून शेवया मोकळ्या राहतात. इटलीने तर 1967 साली कायदाच केला, की वाळवलेला पास्ता ड्यूरमचाच हवा. आपल्याकडे पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि निफाडचे संशोधन केंद्र यांनी या गव्हाच्या नव्या जाती काढल्या आहेत, आणि आघारकरच्या ‘एमएसीएस 4028’ या जातीत प्रथिने 14.7 टक्क्यांपर्यंत भरतात. इतकी योग्यता असलेला गहू आपण वर्षातून एकदा शेवयांपुरता आठवतो!

तर दोन वाट्या बन्सीचे पीठ बारीक चाळणीने चाळून घेतले. त्यात दोन अंडी, चिमूटभर मीठ आणि लागेल तसा पाण्याचा हबका. पुरीच्या कणकेहून घट्ट मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवले. (अंडे नको असेल तर कोमट पाण्यात मळावे, मात्र मग तासभर मुरू द्यावे.) पट्ट्या कापायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. भाजायचे भांडे गोल, तर लझान्याही गोल! आक्काने भांड्याच्या मापाच्या सहा पोळ्या लाटल्या, खाली धरलेली बोटे दिसावीत इतक्या पातळ. खळखळत्या मिठाच्या पाण्यात एकेक पोळी दोन मिनिटे सोडायची, झाऱ्याने काढून गार पाण्यात बुडवायची आणि ओल्या पंचावर पसरायची. एकीवर एक ठेवाल तर चिकटतील. आमच्या दोन चिकटल्याच.

खिमा अर्धा किलो, खाटकाकडून हाताने बारीक करून आणलेला. इथे पहिली चकमक उडाली. हिंगोली जिल्हा म्हणजे हळदीचा मुलूख. दिवाळीला गावाबाहेर पाहावे तिकडे रानात हळद उभी असते. त्या मुलखात मटण हळदीशिवाय! मी वळून पाहीपर्यंत आक्काने खिम्याला हळद चोळलीसुद्धा. छोटी म्हणाली, “आई नव्हती घालत.” आक्काचा हात थांबला, पण चोळलेली हळद थोडीच परत निघते? पुढे मात्र ती छोटीला विचारूनच हात चालवू लागली. काळ्या मसाल्याचा डबा तिने दोनदा उघडला आणि दोनदा मिटला.

तीन कांदे आणि एक गाजर अगदी बारीक चिरून चार चमचे तेलात मंद आचेवर परतले, लाल नाही, फक्त मऊ. आठ पाकळ्या लसूण. मग खिमा घालून आच वाढवली, पाणी सुटून आटेपर्यंत आणि खिमा तळाला किंचित लागेपर्यंत. तो खरवडून घ्यायचा, सगळी चव तिथेच असते. अर्धा किलो टोमॅटो उकडून, सालपटे काढून, चुरडून घातले. मीठ आणि ताजे कुटलेले मिरे. झाकण ठेवून तासभर मंद रटरटू दिले. शाकाहारी घरांनी इथे खिम्याऐवजी दोन वाट्या शिजवलेला अख्खा मसूर अर्धवट घोटून घालावा. तासभराची मात्र गरज नाही, वीस मिनिटे पुरे.

रस्सा दाट होत आला तशी छोटी म्हणाली, “आता दूध.”

आक्काने माझ्याकडे पाहिले नाही. फडताळातून दुधाचे पातेले तिनेच काढले. “किती?” तिने विचारले. छोटीने वाटीत बोट धरून दाखवले, “आई इथपर्यंत घ्यायची.” कोमट केलेले वाटीभर दूध, आच अगदी कमी करून, थोडे थोडे, हलवत. एकदम ओतले तर टोमॅटोच्या आंबटपणाने फाटते. आक्काने थेंब थेंब म्हणावे इतक्या सावकाश घातले. रश्शाचा लालभडकपणा गेला आणि त्याला विटकरी रंग आला.

पांढऱ्या सॉसचे काही अवघड नाही. तीन चमचे लोण्यात तीन चमचे मैदा रंग न बदलता भाजायचा आणि अर्धा लिटर दूध हळूहळू घालीत गाठी मोडायच्या. ज्या बाईला पिठले येते तिला हे येते. मीठ, आणि जायफळाचा वास लागेल न लागेल इतके.

भट्टीचे काय? गावातल्या बेकरीवर बायका दिवाळीआधी नानकटाईचे साहित्य देऊन भाजून आणतात, तिथे नेऊ का, असे मी सुचवले. नानकटाईच्या पत्र्यांशेजारी मटण म्हटल्यावर आक्काने माझ्याकडे असे पाहिले, की पुढे बोलले नाही. मग परसातली चूल पेटवली. जाड बुडाच्या मोठ्या जर्मनच्या पातेल्यात दोन बोटे कोरडी वाळू (शेजाऱ्यांच्या बांधकामावरून मागून, चाळून आणलेली), तिच्यावर लोखंडी कडे, आणि वर झाकण म्हणून तवा. पंधरा मिनिटे नुसतेच तापू दिले. सरळ काठाच्या लहान पातेल्याला लोणी लावून तळाशी थोडा पांढरा सॉस, मग पोळी, खिमा, सॉस, पुन्हा पोळी, असे थर दिले. चिकटलेल्या दोघींना मधल्या थरात एकच पोळी म्हणून खपवले. सर्वांत वर सॉस आणि चार-पाच वड्या किसलेले अमूलचे चीज. ते भांडे कड्यावर ठेवून तव्यावर निखारे पसरले. आपल्याकडे दमाला वरून आच देतात तसेच. खालून मंद, वरून तेज. निखारे दोनदा बदलावे लागले. चाळीस मिनिटांनी तवा उचलला तर वर तांबूस डाग धरले होते आणि कडेला रस्सा खदखदत होता. लगेच कापू नये, थर घसरतात. पाव तास थांबावे. तो पाव तास मला फार मोठा गेला.

छोटीने पहिला घास घेतला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे पाहत बसलो होतो. “आईची अशी पिवळी नसायची,” ती म्हणाली. आक्काचे डोळे खाली गेले. मग पोरीने ताटली पुढे केली, “आणखी दे. कडेचं दे, करपलेलं.” नंतर आक्काने स्वतःसाठी वाढून घेतले, भिंतीकडे तोंड करून बसली, आणि ताटली पुसून खाल्ली. चव कशी आहे, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

संध्याकाळी मी सहज म्हणून शोध घेतला. बोलोन्या हे या खिम्याच्या रश्शाचे माहेरघर. तिथल्या जाणत्या मंडळींनी 17 ऑक्टोबर 1982 रोजी या रश्शाची कृती शहराच्या व्यापारमंडळात रीतसर नोंदवून ठेवली आहे. तिकडचे मांस निराळे, त्यात वाइन असते, आपल्या हळदीचे तर नावही नाही. पण त्या यादीत पेलाभर सायीसकट दूध आहे. मी ते आक्काला वाचून दाखवले. तिने दोनदा वाचायला लावले.

“म्हंजे तिचं बरोबर होतं,” ती म्हणाली, आणि वाळूचे पातेले घासायला म्हणून परसात गेली. रात्री नऊ वाजले होते. पातेले मी दुपारीच घासून ठेवले होते.

भाचा त्याच रात्री पुण्याहून आला. त्याच्यासाठी एक तुकडा झाकून ठेवायला छोटीने बजावले होते. त्याने झाकण काढले, उभ्यानेच एक घास खाल्ला, मग खाली बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, “यात हळद कुणी घातली?”

या वर्षी आक्काच्या घरी फराळाची कढई चढणार आहे. छोटी आजीकडेच आहे, शाळाही तिथलीच. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचा बेत तिने आताच ठरवला असून चीज पुण्याहून आणायचे, असे बापाला सांगून ठेवले आहे. परवा आक्काचा मला फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, “का गं, अगदी चिमूटभर घातली तर तिला कळंल का?”