बायपासला दरवाजे किती?

शहरनामा : पादचारी

संध्याकाळी सहाला छत्रपती संभाजीनगरच्या देवळाई चौकात उभं राहून बघा. वरच्या पुलावरून ट्रक निवांत निघून जातात. खाली वाळूचा हायवा ट्रक, शाळेची व्हॅन, भाजीची हातगाडी आणि राँग साइडनं घुसलेला दुचाकीवाला, सगळे समोरासमोर. परवा माझ्या शेजारी एक आजी दुधाची पिशवी घेऊन ताटकळत होत्या. शेवटी त्यांनी माझाच दंड धरला. ‘‘चला वो भाऊ, असं हुबं ऱ्हायलं तर रात व्हईल इथंच.’’

शहराला वळसा घालण्यासाठी केलेल्या रस्त्यावर आम्ही असे दूध घेऊन घरी निघालो होतो.

महानुभाव आश्रम ते झाल्टा फाटा हा बीड बायपास जड वाहनं जालना रोडवर येऊ नयेत म्हणून केला. पण रस्ता झाला की त्याच्या कडेच्या गुंठ्याला भाव येतो. गुंठेवारी वाढली, मंगल कार्यालयं आली, सातारा-देवळाई परिसर महापालिकेत आला आणि बायपास गावाच्या पोटात गेला. मग काँक्रीटीकरण, रुंदीकरण, तीन उड्डाणपूल. आता सोलापूर-धुळे महामार्ग आणखी दक्षिणेकडून वळसा घालून करोडीला निघतो, उत्तरेला समृद्धी महामार्ग आहे. तरी संपूर्ण रिंगरोडची मागणी सुरूच आहे. होऊ द्या, पण आधी त्याला दरवाजे किती ठेवणार, ते सांगा.

या शहराला वळशाची सवय जुनी आहे. औरंगजेबानं 1682 मध्ये तटबंदी बांधली. तट बराचसा गेला, ‘बावन्न दरवाजांचं शहर’ ही ओळख राहिली. खाम नदीवरच्या मकाई दरवाजाच्या कमानीत समोरून रिक्षा आली की इकडच्यानं थांबावं लागायचं. तटाचं बळ भिंतीइतकंच मोजक्या दरवाजांत होतं. समृद्धीचंही तसंच: चढायचं तर सावंगी किंवा माळीवाड्यासारख्या ठरलेल्या ठिकाणीच. बीड बायपासवर मात्र प्रत्येक गॅरेज, प्रत्येक ढाबा, दुभाजक फोडून केलेला प्रत्येक कट हा दरवाजाच. मोजायला बसलात तर बावन्नावर भागणार नाही.

शहर कड्यात कोंडून टाकण्याचं उलट टोकही वाईटच. अमेरिकेतल्या रॉचेस्टरनं बाजारपेठेभोवती द्रुतगती मार्गाचं कडं घातलं. भोवतालच्या वस्त्या तुटल्या. 2014 ते 2017 दरम्यान त्याच शहरानं कड्याची पूर्व बाजू मातीनं बुजवून साधा रस्ता केला. म्हणजे कडं शहराच्या गळ्याशी नको, आणि लांब घातलं तर त्याच्या कडेला प्लॉट पाडू देणं नको. सर्व्हिस रोड आणि पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी वाट आधी, बांधकाम परवानगी नंतर. एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ.

आणि जालना रोडची कोंडी? तिथले बरेचसे चेहरे आपलेच असतात: चिकलठाण्याहून वाळूजला कामाला, सिडकोतून क्रांती चौकात क्लासला निघालेले. त्यांना वळसा घालून कुठं जायचंच नाही. त्यांना दर दहा मिनिटांनी बस हवी.

पलीकडं पोचल्यावर आजींनी माझा दंड सोडला, पदर सारखा केला आणि मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. म्हणाल्या, ‘‘सकाळी पुन्हा हायेच की दूध आणायचं.’’