परत घेतलेला सल्ला

वाचकांस सल्ला देणे हे ह्या सदराचे नित्यकर्म होऊन बसले आहे. दिलेला सल्ला मागे घेण्याचा प्रसंग मात्र क्वचित येतो. तो ह्या महिन्यात आला आहे. सल्ला घरातला होता, तेव्हा माघारही घरातल्या घरात घेऊन भागले असते. परंतु असाच सल्ला आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरी कोणी तरी कोणास देत असावे अशी आम्हांस शंका आहे, म्हणून ती येथे लिहून टाकतो.

आमचा पुतण्या गेली वीस-बावीस वर्षे अमेरिकेत टेक्सस प्रांती नोकरीस आहे. तीन वर्षांमागे, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याने कळविले की, आपण पेडल स्टील गिटार नावाचे वाद्य शिकावयास घेतले आहे. सोबत छायाचित्र होते. परंतु त्यात गिटार कोठेच दिसेना. चार बारीक पायांवर उभे केलेले एक लांबट, अरुंद मेज, त्यावर ताणलेल्या दहा तारा, खाली लोंबणाऱ्या सळया आणि पायाशी तीन पेडले! शिवणाचे यंत्र आणि विणकराचा माग ह्यांची सोयरीक जमावी तसे ते प्रकरण होते. आम्ही तत्काळ उत्तर लिहिले : ह्या वयात असले अवघड वाद्य घेणे म्हणजे पैसा देऊन फजिती विकत घेणे होय; हौसच असेल तर पेटी घ्यावी, चार भजनांना तरी साथ होईल. पत्र लिहून झाल्यावर आपण वडीलकीचे कर्तव्य केले असे समाधानही वाटले.

वहिनी त्या हिवाळ्यात त्याच्याकडेच होत्या. त्यांनी एके रात्री आम्हांस फोनवर विचारले, "भाऊजी, हा रोज दहा वाजता खोलीत बसतो आणि आतून नुसती खटखट येते. सूर म्हणून नाही. पोरानं माग टाकला की काय?" वाद्य विजेचे; त्याचा खरा आवाज यंत्रातून निघावयाचा, आणि तो पुतण्याच्या कानांवरील श्रवणयंत्रात बंद होता. घरच्यांच्या वाट्यास पेडलांची खटखट तेवढी आली. घरच्यांची झोप सांभाळून शिकण्याची ही सोय आमच्या वेळी नव्हती, त्याविषयी पुढे.

ह्या वाद्याचे कूळ हवाई बेटांतले. जोसेफ केकुकू (जन्म १८७४) ह्या तेथील मुलाने शाळेत असताना गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवरून धातूची वस्तू फिरविण्याची पद्धत बसविली. ती वस्तू कोणी रुळावरचा बोल्ट सांगतात, कोणी चाकू, कोणी फणी. १९०४ साली केकुकूने बेट सोडले, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईयन संगीताने अमेरिकेस वेड लावले, आणि ते वेड टाऊ मो ह्यांच्यासारख्या फिरत्या वादकांबरोबर आपल्या कलकत्त्यासही आले. रेडिओवर दोन कार्यक्रमांमधली फट भरण्यासाठी चित्रपटगीतांच्या ज्या गिटारीवरील धुना लागत, त्या ह्याच शाखेच्या. पंडित ब्रिजभूषण काबरा ह्यांनी त्या वाद्यावर आपले रागसंगीत आणले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी ज्यांच्या घरी असेल त्यांना अधिक सांगणे नको. म्हणजे आम्ही ज्या वाद्याला परके म्हणून नाक मुरडले, त्याची सख्खी बहीण आमच्याच दिवाणखान्यात रोज सकाळी गात असे.

पेडले मागाहून आली. प्रथम त्यांचा उपयोग एका गाण्याची जुळवणी संपवून दुसरीकडे वळण्यापुरताच होत असे. बड आयझॅक्स ह्याने वेब पिअर्सच्या १९५४ साली गाजलेल्या 'स्लोली' ह्या गाण्यात तारा वाजत असतानाच पेडल दाबले आणि सूर लोकांच्या कानांदेखत बदलला. त्यानंतर तिकडच्या 'कंट्री' नावाच्या ग्रामीण ढंगाच्या गायनात हा आवाज इतका मुरला की, पुष्कळांस तो त्या गाण्याचा हुंदकाच वाटतो. बडी एमन्स (१९३७–२०१५) हा ह्या वाद्याचा मोठा उस्ताद; आज जी दहा तारांची जुळवणी सर्वत्र चालते, तिला पूर्णत्व आणण्यात त्याचा हात आहे. हे वाद्य एकाच जमातीचे मात्र राहिले नाही. 'हाउस ऑफ गॉड' ह्या कृष्णवर्णीय ख्रिस्ती पंथाच्या देवळांत उपासना स्टील गिटारीवर चालते, आणि नायजेरियाच्या किंग सनी अडे ह्यांच्या वाद्यमेळातही ते आहे.

आता त्यातील खुबी. ती पुतण्याने आम्हांस आपल्या स्वरांच्या भाषेत समजावून दिली, आणि आमचा हट्ट प्रथम येथे ढिला झाला. समजा, सा, ग, प असे तीन स्वर एकदम वाजत आहेत. डाव्या पायाने पहिले पेडल दाबले की पंचमाचा धैवत होतो. दुसरे दाबले की गंधाराचा मध्यम होतो. आणि षड्ज जागचा हालत नाही. गुडघ्याने एक दांडी ढकलली तर षड्जच अर्धा स्वर वर सरकतो, दुसरी ढकलली तर निषादावर उतरतो. आपली मींड एका सुराला ओढून नेते. येथे एक सूर वाटेला लागतो आणि बाकीचे दोघे उंबरठ्यावर उभे राहून त्याच्याकडे पाहत असतात. हा परिणाम आम्ही दुसऱ्या वाद्यात ऐकलेला नाही.

पण हे साधावयाचे कसे? डाव्या हातात सुमारे दोनशे ग्रॅम वजनाची गुळगुळीत पोलादी कांडी. तिच्या मागे उरलेली बोटे तारांवर टेकवून नको ती गुणगुण थांबवावयाची. उजव्या हाताच्या अंगठ्यात व दोन बोटांत नख्या. वाजून झालेली तार तळहाताच्या कडेने वेळेवर गप्प करावयाची, नाही तर मागचे सूर पुढच्यांत मिसळून खिचडी होते. डावा पाय तीन पेडलांवर, दोन्ही गुडघे दांड्यांमध्ये, आणि उजवा पाय आवाज लहानमोठा करणाऱ्या निराळ्या पेडलावर. तार छेडल्याबरोबर तिचा आवाज विरू लागतो. तो जसजसा विरेल तसतसे हे पेडल उघडीत गेले म्हणजे सारंगीच्या गजासारखा सूर टिकतो. नवशिका ते ठेक्यावर खालीवर करीत सुटतो आणि सूर उचक्या देऊ लागतात. पुतण्याचे पहिले आठ महिने ह्या उचक्यांत गेले.

त्याहून अवघड गोष्ट पडद्यांची. सतारीचे पडदे बोट सांभाळून घेतात. येथे पडदे म्हणजे पाटीवर नुसत्या रेघा काढलेल्या. कांडी रेघेच्या बरोबर डोक्यावर हवी; केसभर अलीकडे-पलीकडे झाली की बेसूर, आणि मान तिरकी करून पाहिले तर डोळाच फसवितो. पुस्तके, चित्रे, शिकवणीच्या चित्रफिती असे सर्व साहित्य पुतण्याने जमविले होते. त्यांतून कोणता पाय केव्हा दाबावा ते कळले, पण दाबल्यावर जे निघाले ते खरे की खोटे, हे कोण सांगणार? वर्षाच्या अखेरीस त्याने आम्हांस लिहिले की, काका, तुमचे म्हणणे बरोबर होते, वाद्य विकून टाकतो. ते पत्र वाचून आम्हांस जे वाटले त्यात थोडा आनंद होता, हे कबूल करणे ह्या लेखाचे मुख्य काम आहे.

वाद्य विकत घेण्यास जे गृहस्थ आले, ते ऐंशी उलटलेले होते. तरुणपणी टेक्ससच्या नाचघरांतून त्यांनी हेच वाद्य वाजविले होते. त्यांनी पुतण्यास थोडे वाजवावयास सांगितले, ते डोळे मिटून ऐकले, आणि वाद्य न घेता पुढल्या शनिवारी आपल्या घरी येण्यास फर्मावून निघून गेले. पहिल्या शनिवारी तासभर त्यांनी एकाही पेडलास पाय लावू दिला नाही. एक रेघ, दोन तारा, खोलीतला दिवा मालवलेला. कांडी सरकवावयाची आणि सूर लागला असे वाटले की थांबावयाचे. त्यांचा स्वतःचा हात आता कापतो, कांडी स्थिर राहत नाही. परंतु शेजारी बसून ते अचूक सांगतात : पाय अर्ध्या मात्रेने आधी उचललास. फी घेत नाहीत. एकदा फीचा विषय काढला तेव्हा रागावले, असे पुतण्या लिहितो.

त्यांनीच त्याला बैठकीस नेले. महिन्यातून एका रविवारी, निवृत्त सैनिकांच्या एका सभागृहात, आसपासच्या शंभर मैलांतले वीस-पंचवीस वादक जमतात. बहुतेकांचे केस पांढरे. पन्नाशीच्या घरातला आमचा पुतण्या तेथे पोरगा ठरला. जड पेट्या ढकलीत आणावयाच्या, वाद्य उभे करावयाचे, आणि पाळीपाळीने प्रत्येकाने तीन-चार गाणी वाजवावयाची. मधल्या वेळात ही वयस्क मंडळी वाद्ये उलथी करून, हातात विजेरी घेऊन, खालच्या सळया कशा जोडल्या आहेत ते एकमेकांस दाखवितात. वादही होतात. कोणत्या जुन्या कारखान्याचे वाद्य गोड ह्यावर दोघांचे वर्षानुवर्षे बोलणे बंद आहे. काहींच्या मते १९७० नंतर गाणे म्हणून झालेच नाही. हा हेका आम्हांस नाट्यसंगीताच्या आमच्या काही स्नेह्यांची आठवण देतो. 'तू हिंदुस्थानातला, तुला आमच्या गाण्यात काय गोडी?' असेही एकाने विचारले. त्याला उत्तर देण्याच्या आधीच दुसऱ्याने मोहनवीणेचे आणि १९९४ साली ग्रॅमी मिळविणाऱ्या विश्वमोहन भट्ट ह्यांचे नाव काढले आणि संभाषण त्या वळणाला लागले.

पुतण्याची पाळी चौथ्या बैठकीस आली. साधे, संथ गाणे निवडले होते. दुसऱ्या कडव्यात तिसरी तार फटकन तुटली. ही तार सर्वांत बारीक, इंचाच्या हजार भागांतले अकरा भाग जाडीची, आणि तिचा स्वर सर्वांत चढा. पेडल तिलाच वरचेवर ओढते, म्हणून तुटते तीच. त्याच्याजवळ दुसरी तार नव्हती. उजव्या पायाचे पेडल सोडून उठावे आणि थेट घरी जावे, असे त्यास वाटले. डोके वर केले तो चार म्हातारे आपापल्या खुर्च्यांवरून उठून येत होते, आणि चौघांच्याही हातात तिसऱ्या तारेची पुडी होती. एकाने तार ओवली, दुसऱ्याने खुंटी पिळली; तोवर ढोलवाला आणि खर्जाची गिटारवाला ताल धरून बसले होते. गाणे जेथे तुटले तेथून पुढे सुरू झाले. ते बरे वाजले नाही, असे त्यानेच लिहिले आहे.

हे पत्र आम्ही वहिनींस वाचून दाखविले. त्या आता पुण्यास असतात. आमच्या दादांनी, म्हणजे ह्या मुलाच्या वडिलांनी, पंचेचाळिसाव्या वर्षी मिरजेहून सतार आणविली होती. वाड्यात बिऱ्हाडे दाटीवाटीची. दादांनी तारांना हात लावला की सगळ्यांच्या कानी पडे. 'पिंजारी आला, गाद्या काढा' ही थट्टा कोणी सुरू केली? आम्हीच केली. मुले ती उचलून धरीत, दादा हसत, आणि चार महिन्यांत सतारीवर गवसणी चढली ती त्यांच्या पश्चात एका शाळेस देण्याच्या दिवशी निघाली. दादांनी त्याबद्दल आम्हांस कधी एक शब्द बोलून दाखविला नाही.

पत्र ऐकून वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यांनाही अशी चार माणसं भेटली असती तर—" आणि वाक्य तसेच ठेवून उठून चहा ठेवावयास गेल्या. त्याच रात्री आम्ही पुतण्यास सल्ला परत घेतल्याचे लिहिले, आणि ती थट्टा कोणाची होती हेही लिहिले. त्याचे उत्तर आले, त्यात थट्टेचा उल्लेख नाही. शनिवारच्या शिकवणीचे आहे; गुरुजींची प्रकृती बरी नसते, म्हणून आता हाच त्यांना बैठकीस गाडीतून नेतो, त्याचे आहे; आणि शेवटी असे की, हल्ली आपल्या पेटीत तिसऱ्या तारेच्या सहा पुड्या असतात, गेल्या खेपेस त्यांतल्या दोन खर्ची पडल्या.