विज्ञानाची जत्रा भरलीच पाहिजे

२८ फेब्रुवारी जवळ आला की काही विद्वानांच्या कपाळावर आठ्या पडतात. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त संशोधन संस्था आपली दारे उघडतात, शाळांच्या गाड्या येतात, झुंबड उडते आणि हळहळ सुरू होते : "ही नुसती जत्रा. एका दिवसात विज्ञान कोणाला कळते? शास्त्रज्ञांचा वेळ वाया, पैसाही वाया."

एका दिवसात विज्ञान कळत नाही, हे शंभर टक्के मान्य. पण तसा दावा केला कोणी? एका कीर्तनाने कोणी संत होत नाही, म्हणून कीर्तने बंद करा असे आपण म्हणत नाही.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला यायचे कष्ट या आक्षेपकांनी जरूर घ्यावेत. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या कांदा-टोमॅटोच्या शेतांमध्ये दूरवर विखुरल्या आहेत. विज्ञान दिनाला इथे आसपासच्या गावांतली माणसे येतात, शाळकरी मुले आपले प्रयोग मांडतात. तबकडीखाली मान वर करून उभे राहिले की लक्षात येते, ही तर नुसती तारांची जाळी! मग लहरी तिच्यातून गळून जात नाहीत का?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण दुर्बिणीचे सगळे मर्म त्यातच आहे. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची आणि येणाऱ्या लहरींची लांबी वीस सेंटिमीटरपासून पार दोन मीटरपर्यंत. एवढ्या लांब लहरींना ती भोके जाणवतच नाहीत, त्या परावर्तित होतात. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च आटोक्यात राहतो. गोविंद स्वरूप यांनी याच युक्तीच्या बळावर एवढी मोठी दुर्बीण भारताच्या खिशाला परवडेल अशी उभी केली. मान वर करून जाळीबद्दल विचारणारा शेतकरी नकळत स्वरूपांच्याच वाटेने विचार करत असतो. याला वरवरचे म्हणायचे असेल तर खोल कशाला म्हणायचे?

"सामान्य माणसाला याचा उपयोग काय?" हा दुसरा आक्षेप. त्याचेही उत्तर जुन्नरमध्येच आहे. आकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण असतात की चंद्रावर एक मोबाइल चालू ठेवला तर तो आकाशातल्या प्रखर रेडिओ स्रोतांत जमा होईल. म्हणूनच दुर्बिणीच्या आसपास रेडिओ गोंगाट नको. नियोजित पुणे-नाशिक रेल्वेचा थेट मार्ग याच कारणाने अडला आणि शिर्डीमार्गे दुसऱ्या मार्गाचा विचार पुढे आला. थेट मार्गावरच्या नारायणगाव-मंचरच्या लोकांना याचा राग येणे स्वाभाविक आहे. पण दुर्बीण काय ऐकते आणि रेल्वेने तिला कसा अडथळा होतो, हे ज्याला समजावून सांगितलेले नाही, त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आणि ज्याला ते समजले आहे, तो संस्थेला आणि सरकारला नेमके प्रश्न विचारू शकतो, पर्याय मागू शकतो. लोकांच्या करातून उभ्या राहिलेल्या विज्ञानाने लोकांना हिशेब देणे हे कर्तव्यच आहे; त्यात उपकार कसले?

टीका करायचीच असेल तर ती वेगळ्या गोष्टींवर करावी. दुकानातून विकत आणलेली थर्माकोलची मॉडेल्स, पाहुण्यांच्या भाषणांपायी उन्हात ताटकळणारी मुले, मराठी गावात इंग्रजी फलक आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'हात लावू नये' ही पाटी. अशा कार्यक्रमांतून काही निष्पन्न होत नाही, हे मीही ठणकावून सांगेन. पण त्यावर उपाय म्हणजे पाटी काढून टाकणे. जत्राच मोडणे हा उपाय नव्हे.

शास्त्रज्ञांच्या वेळेचे म्हणाल, तर जयंत नारळीकरांहून मोठे उदाहरण कोणते? स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि सहीनिशी उत्तर धाडत. विश्वरचनेवर जगाशी वाद घालणाऱ्या माणसाला यात वेळ वाया जातो असे वाटले नाही.

आणि पैशाचे म्हणाल, तर एक काठी पुरते. सूर्य रोज दुपारी बरोबर डोक्यावर येतो असे आपल्यातले कितीतरी जण समजतात. प्रत्यक्षात महाराष्ट्रात तो वर्षातून दोनदाच माथ्यावर येतो. त्यातली जुलै-ऑगस्टची वेळ बहुधा ढगांत जाते. मेमध्ये मात्र आभाळ मोकळे असते : सावंतवाडीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ तारखेच्या सुमारास, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. पुण्यात दुपारी साडेबाराच्या आसपास सरळ रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. शाळांना तेव्हा सुट्टी असते; मग ग्रामपंचायतीच्या अंगणात जमा, सोसायटीच्या गच्चीवर जमा. येत्या मे महिन्यात आपल्या गावची तारीख शोधून काढा, काठी रोवा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवा.