मोठ्या गाडीची चूक

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहून टाकतो.

२०२३ चा नोव्हेंबर, पुण्यातला सिंहगड रोड, संध्याकाळी सातची वेळ. उभ्या असलेल्या दोन रिक्षांच्या मधून एक आजोबा अचानक रस्त्यावर आले. माझा वेग पंचवीस-तीसच्या वर नसेल, ब्रेकही दाबला, पण गाडीचा कोपरा लागलाच. आजोबा आडवे. गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं.

अशा वेळी दोन मिनिटांत रस्त्यावर कोर्ट भरतं. ‘मोठ्या गाडीचीच चूक’ हा निकाल आधीच ठरलेला. ट्रक आणि कार असेल तर ट्रकची, कार आणि स्कूटर असेल तर कारची, आणि पायी चालणारा तर कायमचा निर्दोष! कोणीतरी बॉनेटवर दणका घातला. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो गिअर टाकून निघून जाण्याचा. (ज्यांच्या मनात तो येत नाही त्यांना माझा नमस्कार.) गेलो नाही, एवढंच.

आजोबांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ते एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन. मुलगा आला, बिचाऱ्याने आवाजही चढवला नाही. मी एका मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "पोलिसांत जाऊ नकोस, काहीतरी देऊन मिटवून टाक." मिटवलं. तीस हजार दिले आणि साध्या कागदावर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं. दवाखान्यात ‘घरात पाय घसरून पडले’ असं सांगितलं गेलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. घरी आलो तो आपण फार सज्जनपणे वागलो अशा समजुतीत. आजोबांनी तर हात जोडले होते हो मला...

पुढे बऱ्याच दिवसांनी गाडीचा विमा भरताना सहज म्हणून मोटार वाहन कायदा वाचायला घेतला आणि कलम १६४ पाशी थांबलो. एप्रिल २०२२ पासून लागू झालेलं हे कलम. वाहनामुळे मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये भरपाई. चालकाची चूक होती हे सिद्ध करायची गरजच नाही! आणि हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतच. म्हणजे आजोबा झेब्रा क्रॉसिंगवरून आले की रिक्षांच्या मधून, हा प्रश्न तिथे उठतच नाही. पैसे द्यायचे विमा कंपनीने. त्यासाठीच तर सक्तीचा थर्ड पार्टी विमा मी दरवर्षी भरतो. माझ्या सज्जनपणाने त्या माणसाला तीस हजारांत गुंडाळलं होतं.

मित्राला सांगितलं तर तो उखडला. "हा काय न्याय? उद्या लोक मुद्दाम गाडीखाली येतील!" अडीच लाखांसाठी स्वतःची नळी मोडून घेणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. टनभर लोखंड रस्त्यावर मी आणतो. सोय माझी आणि पाय त्यांचा. मग चूक कोणाचीही असो, उपचाराचा आणि बुडालेल्या पगाराचा भार गाडीच्या विम्यावर पडावा हे मला रास्त वाटतं. रस्त्यावरचा तो अडाणी वाटणारा निकाल भरपाईपुरता तरी कायद्याच्या बराच जवळ आहे! याहून जास्त रक्कम हवी असेल तर मात्र चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि तिथे पादचाऱ्याची चूकही हिशेबात धरली जाते.

गुन्हा ही वेगळी गोष्ट. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर जुन्या ३०४-अ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं होती, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत पाच वर्षं. पण तिथे निष्काळजीपणा सिद्ध व्हावाच लागतो. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू प्यायलेल्या चालकाने फुटपाथवर झोपलेल्या सात मजुरांना चिरडलं, त्याला सत्र न्यायालयाने आधी सहा महिने दिले होते! उच्च न्यायालयाने ते तीन वर्षं केले, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. तो प्रकार आणि माझा प्रकार एक नाही, हे कायद्याला कळतं. आपल्याला कळत नाही, म्हणून आपण एकतर पळतो नाहीतर मिटवतो.

कलम १३४ तर चालकाला स्पष्ट सांगतं की जखमीला उपचार मिळवून दे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळव. जमाव खवळला असेल तर उपचारांच्या जबाबदारीतून सूटही दिलीय, म्हणजे तो बॉनेटवरचा दणका कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होता! मी यातलं अर्धंच पाळलं. पोलिसांकडे नोंद नाही, दवाखान्याच्या कागदावर खोटं कारण. आता आजोबांनी अर्ज केला तरी विमा कंपनी विचारणार, अपघाताचा पुरावा काय?

असो. गेल्या आठवड्यात मुलाला फोन लावला. आजोबा काठी घेऊन चालतात, नोकरी तेव्हाच सुटली. त्याला सगळं सांगितलं. अर्जाला सहा महिन्यांची मुदत होती, पण तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय. एखादा चांगला वकील गाठू, काय घडलं ते मी लिहून देतो, असं म्हणालो.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण साहेब, तुमच्यावर केस होईल ना?"

"होईल बहुतेक."

"आणि तो आमच्याकडून लिहून घेतलेला कागद?"

तो माझ्या कपाटात आहे अजून.