मोजणीत पहिला, उपचारात शेवटचा

गेल्या महिन्यात एक गृहस्थ ७८ वर्षांच्या आईची फाइल घेऊन दवाखान्यात आले. आजींना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार होतो. दोन महिन्यांत लघवीचे पाच वेळा कल्चर झालेले. पाचही अहवालांत तोच ई. कोलाय जिवाणू आणि एकाच गोळीपुढे ‘प्रतिरोधक’ हा शेरा. ते काळजीने म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पाचपैकी पाच वेळा औषध निकामी ठरलं. आता ते कुणालाच लागू पडत नाही का?”

मी म्हणालो, “पाच अहवाल असले, तरी रुग्ण एकच आहे.”

हे भान प्रयोगशाळेलाही ठेवावे लागते. कल्चरचा अहवाल हाती येण्यास दोन-तीन दिवस लागतात. तोवर थांबणे शक्य नसेल, तर डॉक्टर आपल्या भागातील पूर्वीच्या अहवालांच्या आधारे औषध निवडतात. त्यासाठी मोठी रुग्णालये सहसा वर्षातून एकदा एक तक्ता तयार करतात. कोणत्या जिवाणूवर कोणते प्रतिजैविक किती टक्के रुग्णांत परिणामकारक ठरेल, हे त्यात दिसते. या तक्त्याला ‘अँटिबायोग्राम’ म्हणतात. ही आकडेमोड ‘व्होनेट’सारख्या सॉफ्टवेअरवर होते, ते भारतासह अनेक देशांत वापरले जाते.

त्यातील महत्त्वाचा नियम असा, की एका रुग्णात एका जातीचा जिवाणू कितीही वेळा सापडला, तरी त्या कालावधीतील पहिलाच धरावा. नमुना लघवीचा होता की रक्ताचा, औषध लागू पडले की नाही, याने त्यात फरक पडत नाही.

हे का, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, ३० रुग्णांत ई. कोलाय सापडला आणि २४ जणांत एक औषध लागू पडले. म्हणजे प्रमाण ८० टक्के. उरलेले सहा जण लवकर बरे झाले नाहीत, म्हणून प्रत्येकाचे कल्चर पाच वेळा झाले. सर्व अहवाल मोजले, तर ५४ पैकी २४, म्हणजे सुमारे ४४ टक्केच! औषध तेच, रुग्णही तेच. पण मोजणी चुकल्याने चांगले औषध निरुपयोगी भासते. मग साध्या गोळीने बऱ्या होणाऱ्या आजींनाही शिरेतून जहाल औषध दिले जाईल, आणि राखून ठेवण्याच्या औषधांची धारही बोथट होईल.

मात्र प्रत्यक्ष रुग्णावर उपचार करताना हाच नियम उलटा होतो. तेथे सर्वांत ताजा अहवाल मोलाचा आणि आधीचे अहवाल त्याचे साक्षीदार. म्हणूनच त्या आजींना ती गोळी पुन्हा देणे योग्य नव्हते; शेजारच्या आजोबांना मात्र ती उत्तम लागू पडू शकते. एकाच्या अहवालावरून दुसऱ्याने औषध घेऊ नये, ते याचसाठी.

रुग्णाची देखभाल करणाऱ्यांनी काही गोष्टी आवर्जून सांभाळाव्यात. प्रत्येक तपासणीच्या वेळी रुग्णाचे नाव, वय आणि नोंदणी क्रमांक तोच द्यावा. एकदा ‘सुशीलाबाई’ आणि एकदा ‘सुशीला’ अशी नोंद झाली, तर संगणक एका व्यक्तीला दोन समजतो आणि डॉक्टरांनाही जुना अहवाल सापडत नाही. कल्चरचा नमुना शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्यापूर्वी द्यावा. लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी व लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावी. जळजळ, ताप असा त्रास नसताना केवळ मनाच्या समाधानासाठी कल्चर करू नये. उतारवयात लघवीत निरुपद्रवी जिवाणू अनेकदा आढळतात आणि त्यांना सहसा औषध लागत नाही.

आणि सर्व अहवाल तारखेनुसार एका फाइलीत लावावेत, सर्वांत नवा सर्वांत वर. त्या गृहस्थांनी तसे केले होते; म्हणूनच आजींचे योग्य औषध त्याच दिवशी सुरू करता आले.