‘ईझी रायडर’ची मोटारसायकल घडवली कोणी?

१/ लांबलचक फोर्क, उंच हँडल, टाकीवर अमेरिकेचा ध्वज. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटातील ‘कॅप्टन अमेरिका’ ही मोटारसायकल जगाला ठाऊक आहे. तिच्या कर्त्यांची नावे मात्र त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाहीत.

२/ ती नावे अशी : क्लिफर्ड व्हॉज आणि बेन हार्डी. दोघेही कृष्णवर्णीय. व्हॉज नागरी हक्क चळवळीतला कार्यकर्ता; हार्डीचे लॉस एंजेलिसमध्ये गॅरेज होते. आराखडा मुख्यतः व्हॉजचा, बांधणी हार्डीची.

३/ पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले-डेव्हिडसन घेतल्या गेल्या. सांगाड्याची मान कापून अधिक तिरपी जोडली, फोर्क लांबवला, पुढचे मडगार्ड आणि पुढचा ब्रेकही काढला. तो कोन चुकला, तर अशी गाडी हाताळणे अशक्य होते. हे काम केवळ हौसेने साधत नाही. त्याला मुरलेला हात लागतो.

४/ ‘मेकॅनिकचे नाव कोण देतो?’ हा बचाव तकलादू आहे. छायाचित्रकाराचे नाव दिले जाते, संकलकाचे दिले जाते. मग जी वस्तू चित्रपटाची ओळख ठरली, तिचेच निर्माते अनामिक का?

५/ या मौनामुळे चॉपर म्हणजे गोऱ्या बंडखोरांचे वाहन, ही समजूत रूढ झाली. गाडी चालवणारा पीटर फोंडा इतिहासात गेला. ती घडवणारे अनेक दशके दाराबाहेर राहिले.

६/ ‘कॅप्टन अमेरिका’चे छायाचित्र पुढे पाठवाल, तेव्हा त्याखाली व्हॉज आणि हार्डी ही नावे अवश्य लिहा.